आखाड्यावरच्या कुत्र्याचा पाय कोणी पाहायचा?

कुत्र्याच्या पायाला मार लागला की हिंगोली जिल्ह्यात सल्ल्यांना तोटा नसतो. कुत्र्याची जात आहे, चाटून बरं करतं, असे एक जण म्हणतो. तीन पायांवर पळतंय की, म्हणजे दुखत नाही, असे दुसरा. तिसरा मालिशवाल्याचे नाव सांगतो. आणि ज्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे तो ठामपणे सांगतो, इथं काही होत नाही, फिजिओथेरपी वगैरे सगळं पुण्या-मुंबईला. पहिल्या तिघांना डॉक्टर नको आहे आणि चौथ्याला इथला डॉक्टर नको आहे. चौघांचे ऐकून होते एकच: कुत्रे आठ-दहा दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते आणि वाचू शकणारा पाय जातो. हे इतक्या वेळा घडताना पाहिले आहे की या चौघांना जाहीर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

ज्या कुत्र्याबद्दल मी लिहितो आहे ते आखाड्यावरचे आहे. कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडच्या शिवारात ते रात्रभर जागे असते. सोयाबीन शेंगांवर आले की रानडुकरांचा कळप उतरतो, हरभऱ्यात रोही शिरतात, आणि शेतकरी बॅटरी घेऊन उठण्याआधी हे कुत्रे बांधावर पोचलेले असते. मेंढरांच्या वाड्याजवळ लांडगा-कोल्हा फिरकला तर पहिली वर्दी त्याची. डुकराच्या सुळ्याने त्याची मांडी फाटते, तारेच्या फाशात पंजा अडकतो, ट्रॅक्टर मागे घेताना चाकाखाली पाय येतो. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, वारंगा फाटा करत नांदेडकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वाहने आता भरधाव जातात, आणि ज्यांची शेते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत त्यांची कुत्री रोज तो ओलांडतात. मालकाच्या पिकासाठी मार खाणाऱ्या जनावराला ‘आपोआप बरं होईल’ म्हणून सोडून देणे हा कृतघ्नपणा आहे.

चाटण्याची गोष्ट आधी निकालात काढतो. लाळेत जंतू मारण्याचा थोडाफार गुण असतो, पण तो वरवरच्या ओरखड्यापुरता. सतत चाटून जखम ओली राहते, टाके उसवतात, जंतू आत जातात. आणि मोडलेले हाड कातडीच्या आत असते, तिथे जीभ पोचत नाही. टाके घातले असतील तर प्लास्टिकच्या जुन्या बादलीचा तळ कापून ती कुत्र्याच्या गळ्यात अडकवणे हे चाटू देण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

तीन पायांवर पळणारे कुत्रे दुखत नाही म्हणून पळत नसते. कुत्र्याच्या अंगाचा साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे मागचा एक पाय उचलून धरला तरी त्याचे बरेचसे काम भागते आणि पाहणाऱ्याला वाटते, ठीक आहे. पाय टेकवत नाही हीच त्याची दुखण्याची भाषा आहे. कुत्रे कण्हत नाही, दुखणे लपवते, आणि तोवर उचललेल्या पायाची मांडी बारीक होत जाते. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही मांड्या हाताने चाचपून पाहिल्या तरी फरक कळतो. गेलेला स्नायू परत आणायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आता मालिशवाला. या मंडळींचा मला राग नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी माणसांचे मुरगळलेले घोटे, निखळलेले खांदे हाताळले आहेत. पण लंगडणाऱ्या कुत्र्याला नेमके काय झाले आहे हे हाताला सगळे कळत नाही. मांडीचे हाड मोडलेले असू शकते. खुब्याचा सांधा निखळलेला असू शकतो. तो पहिल्या काही दिवसांत, भूल देऊन, स्नायू सैल पडल्यावरच बसवता येतो, पुढे ते अवघड होत जाते. गुडघ्यातले लिगामेंट तुटलेले असू शकते आणि मोठ्या कुत्र्यांत मागच्या पायाच्या लंगडण्याचे ते फार मोठे कारण आहे. घरातल्या पॉमेरेनियनची गुडघ्याची वाटी सरकलेली असू शकते. वाहनाच्या धक्क्याने पुढच्या पायाच्या शिरा खांद्यापाशी तुटल्या असतील तर हाड शाबूत असूनही पंजा उलटा घासत चालतो. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात सांधे सुजतात आणि कुत्रे लंगडते, तिथे मार लागलेलाच नसतो. नुसत्या भाकरीवर किंवा नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी इतकी ठिसूळ होतात की ओट्यावरून उडी मारली तरी मोडतात. या सगळ्यांना एकच तेल आणि एकच मालिश कशी चालेल? मोडलेल्या हाडावर चोळले तर हाडाची टोके आतल्या रक्तवाहिन्या कापतात.

एक कारण तर जिवावरचे आहे. मागचा भाग ओढत चालणारे, लाळ गाळणारे, आवाज बदललेले, खाणे-पिणे टाकलेले कुत्रे पिसाळलेले असू शकते. मुक्या प्रकारच्या रेबीजमध्ये कुत्रे अंगावर येत नाही, लुळे पडत जाते. अशा कुत्र्याच्या पायाला हात लावू नये. दूर बंद करून पशुवैद्यकाला बोलवावे. कोणाला चावा वा ओरखडा लागला असेल, लाळ जखमेवर पडली असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी.

बांबूच्या कामट्या बांधण्याचीही एक पद्धत आपल्याकडे आहे आणि तिने मोडलेल्या हाडाइतकेच नुकसान केले आहे. आधार द्यायचा तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे त्यात यावे लागतात. नडगीच्या हाडाला हे जमते. मांडीच्या हाडाला जमत नाही, कारण वरचा सांधा खुब्यात आहे आणि तिथे कामटी पोचत नाही. मांडी मोडलेल्या पायाला खाली घट्ट बांधले की कामटीचे वजन मोडलेल्या जागेलाच ओढते. पट्टी आवळली गेली तर बोटे सुजतात, गार पडतात, काळी पडतात. मग पाय कापण्याशिवाय इलाज उरत नाही. लहान पिल्लाची मांडी मोडली आणि पाय सरळ बांधून आठवडेच्या आठवडे तसाच ठेवला, तर मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटून आखडतो आणि गुडघा कायमचा काठीसारखा ताठ होतो. हाड जुळते आणि पाय निकामी राहतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवसांत सांधा हळूहळू हलवला तर हे बहुतेक वेळा टाळता येते. ज्यांना कुत्र्याची फिजिओथेरपी म्हणजे श्रीमंतांचे लाड वाटतात, त्यांनी असा ताठ पाय एकदा हातात धरून पाहावा.

गोळ्यांबद्दल तर अधिकच कडक बोलले पाहिजे. डायक्लोफिनॅकच्या जनावरांवरील वापराला २००६ साली भारतात बंदी आली ती गिधाडांमुळे. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते औषध गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडालाही ते सोसत नाही. आयबुप्रोफेनही नाही. तरी माणसांच्या औषधाच्या दुकानातून आणलेली ‘पेनकिलर’ भाकरीच्या तुकड्यात घालून देणे सर्रास चालते. त्यावर कोणी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की जठराला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. कुत्रे दोन दिवस तरतरीत दिसते, म्हणून मालक खूश होतो, आणि दुखणे दबल्यामुळे ते मोडका पाय वापरून आणखी मोडून घेते. कुत्र्यासाठी वेगळी, वजनावर मोजून देण्याची वेदनाशामके आहेत. ती पशुवैद्यकाने लिहून द्यायची असतात.

आता चौथ्या सल्ल्याकडे येतो, कारण त्याला मान जास्त आहे. तो म्हणतो, सगळे मुंबईला आहे. मुंबईत मोठी सोय आहे यात शंका नाही. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करते आहे. जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्‌सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, सुमारे ९८ हजार चौरस फुटांचे. पण ते रुग्णालय उभे राहण्यामागची जी हकिगत रतन टाटांनी स्वतः सांगितली होती, ती या सल्लागाराने ऐकलेली दिसत नाही. टाटांनी आपल्या कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही आणि डॉक्टरांनी तो एका स्थितीत कायमचा स्थिर करून टाकला. ज्या माणसाला पैशाची, विमानाची, ओळखीची कशाचीच अडचण नव्हती, त्याच्या कुत्र्याच्या पायाचे हे झाले. मग पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईची वाट पाहत, गाडी ठरवत, पैसे जमवत दहा दिवस घालवणाऱ्या सेनगावच्या माणसाला हा सल्ला काय देतो? नेमके ज्याने पाय जातो ते, म्हणजे उशीर.

आणि ‘इथं काही नाही’ हे मुळात खरेच नाही. हिंगोलीहून औंढा नागनाथमार्गे परभणी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे. वसमतहून तर आणखी जवळ. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालते. त्याच्या चिकित्सालयात विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया आणि क्ष-किरण शिकवायचे असतात, म्हणून तिथे शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो. हाड जोडणे शिकलेली माणसे तिथे बसतात. मराठवाड्यातले दुसरे असे महाविद्यालय उदगीरला आहे. आपल्या तालुक्याचा पशुधन विकास अधिकारीही साडेपाच वर्षे शिकून आलेला पदवीधर असतो आणि त्या अभ्यासक्रमात कुत्रे-मांजरही असते. त्याचा दिवस लाळ्या-खुरकुताच्या लसीत, कृत्रिम रेतनात आणि अडलेल्या म्हशीत जातो, म्हणून आपण त्याला कुत्र्याचे विचारतच नाही. विचारले तर तो तपासून परभणीला चिठ्ठी देऊ शकतो. इतकी वर्षे आपल्यातल्या किती जणांनी ती चिठ्ठी मागितली?

आता उपचारकाचा प्रश्न. मोबाइलवर कुत्र्याचा व्हिडिओ पाठवला की तेल, लेझर आणि मालिश असे सगळे एकत्र भाव लावून सांगणारे लोक खेड्यापर्यंत पोचले आहेत. प्राण्यांच्या फिजिओथेरपीसाठी आपल्या देशात वेगळी परिषद नाही, त्यामुळे थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर पाटी लावणारा आणि खरा जाणकार यांत फरक मालकालाच करावा लागतो. कायदा एवढे नक्की सांगतो की जनावरावर वैद्यकी करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमात ते आहे. पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकाला किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. तेव्हा निदान पशुवैद्यकाचे, आणि त्यानंतरच व्यायाम देणारा. हा क्रम उलटा करणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या हाती कुत्रे देऊ नये.

माझी कसोटी साधी आहे. तो काय सांगतो त्याआधी तो काय विचारतो ते पाहा. चांगला उपचारक पहिल्यांदा विचारतो, एक्स-रे काढला का, आणि दोन्ही बाजूंनी काढला का, कारण एकाच बाजूच्या चित्रात हाडाची फट लपते. तो पायाच्या बोटाला चिमटा घेऊन पाहतो, कुत्रे नुसता पाय ओढून घेते की मान वळवून त्याला कळ आल्याचे दाखवते. शिवणाऱ्याकडची फीत घेऊन तो दोन्ही मांड्यांचा घेर मोजून लिहून ठेवतो, म्हणजे महिन्याने सुधारणा झाली की नाही यावर वाद उरत नाही. तो तुमच्यासमोर व्यायाम करून दाखवतो, मग तुमच्याकडून करून घेतो. आणि तो ‘नाही’ म्हणू शकतो. गुडघ्यातले लिगामेंट तुटलेले लहान चणीचे कुत्रे, पंधरा किलोच्या आतले, विश्रांती आणि व्यायामाने पुष्कळदा चालू लागते. त्याहून वजनदार कुत्र्याचे तसे क्वचित होते, त्याला शस्त्रक्रिया लागते. हे माहीत असूनही महिनोन्‌महिने मालिशचे पैसे घेणारा माणूस उपचारक नव्हे. शिरा समूळ तुटलेल्या पायाला व्यायामाने काही होणार नाही, कापून टाकलेला बरा, असे सांगायला धैर्य लागते. तीन पायांचे कुत्रे चांगले जगते, आखाड्यावर राखणही करते. चौथा पाय घासून घासून सडत ठेवणे ही दया नाही.

हिंगोलीतच माणसांचा फिजिओथेरपिस्ट कोणी या कामात रस घेत असेल तर त्याला मी नको म्हणणार नाही. स्नायू आणि सांध्याचे त्याचे ज्ञान उपयोगाचे आहे. फक्त त्याने पशुवैद्यकाच्या निदानावर, त्याच्याशी बोलून काम करावे.

आणि खरे सांगायचे तर यातले नव्वद टक्के काम घरच्या माणसाच्या हातांनी होते. शहरात त्यासाठी पाण्यातला चालता पट्टा असतो, गुळगुळीत गाद्या असतात. आखाड्यावर दुसरे आहे. सुजेला पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे, शेक मात्र त्यानंतरच. शहाबादी फरशीवर कुत्रे घसरते, तिथे गोणपाट अंथरायचे. पशुवैद्यकाने परवानगी दिली की कुत्र्याला दुखरा पाय वर येईल असे निजवायचे, एक हात सांध्याच्या वर आणि एक खाली धरून सांधा जेवढा सहज दुमडतो तेवढाच दुमडायचा आणि सरळ करायचा, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. कुत्र्याने मान वळवून हाताकडे पाहिले, ओठ चाटले, की तिथेच थांबायचे. मग दोरी धरून चालवायचे, आणि इथे बहुतेक जण चुकतात. त्यांना वाटते पळवले की पाय सुटेल. पळताना कुत्रे तो पाय उचलूनच घेते. अगदी संथ, पावलागणिक चालवले तरच त्याला तो टेकवावा लागतो. थोडा आधार आला की हळदीच्या रानातल्या सऱ्या आडव्या ओलांडायला लावायच्या, प्रत्येक सरीला त्याला गुडघा उचलावा लागतो. शहरातल्या केंद्रात यासाठीच आडव्या दांड्या मांडतात.

पाण्याचेही तेच. पाणी खुब्यापर्यंत आले की कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भार येतो. जखम पूर्ण भरल्यावर, टाके निघाल्यावर, कयाधूच्या उथळ, संथ काठाला किंवा गुरांच्या सिमेंटच्या हौदात मालकाने स्वतः पट्टा धरून पाच मिनिटे चालवले तरी गुण येतो. शेततळ्यात मात्र कदापि नाही. त्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, वर येता येत नाही, आणि त्यात माणसेही बुडाली आहेत.

सगळ्यांत जड आक्षेप शेवटी घेतो. माणसांनाच फिजिओथेरपी मिळत नाही, बायामाणसं गुडघे धरून हळद काढतात, आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप घेणाऱ्याची कळकळ खरी आहे, म्हणून त्याला टाळणार नाही. बायांच्या गुडघ्यांसाठी ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट मागा, मी तुमच्या सोबत निवेदनावर सही करीन. पण परभणीचे चिकित्सालय माणसांच्या वाट्याचे पैसे घेऊन चालत नाही, ते जनावरांसाठीच आहे. आपण कुत्रे तिथे नेले नाही म्हणून कुठल्या आजीचा गुडघा बरा झालेला नाही. शिवाय पाळलेल्या जनावराला विनाकारण वेदना होऊ न देणे हे त्याच्या मालकाचे कर्तव्य आहे असे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा, त्याच्या तिसऱ्या कलमात, स्पष्ट म्हणतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण नर्सीचा अभिमान सांगतो, ते भाकरी पळवलेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा आपल्याच घरांत मुलांना सांगितली जाते. ती सांगणाऱ्या जिल्ह्यात कुत्र्याच्या मोडलेल्या पायाकडे पाहायला वेळ नाही, हे मला मान्य नाही.

प्रशासनाकडे माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याबाहेर एक फलक लावा: जवळचा एक्स-रे कुठे होतो आणि परभणीला चिकित्सालयाची वेळ काय. पशुधन पर्यवेक्षकांना मोडलेल्या पायाला आधार कसा द्यावा आणि मांडीला कामटी का बांधू नये हे एका दिवसात शिकवता येईल. महाविद्यालयाने आंतरवासितेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिंगोलीत आठवड्यातून एक दिवस लहान प्राण्यांची तपासणी ठेवावी. नव्या इमारतीची यात गरज नाही.

आणि वाचकहो, तुमच्या कुत्र्याला आज रात्री धक्का लागला तर मोडका पाय ओढू नका. जबडा सुती पट्टीने सैलसर बांधा, कारण कळ आली की जिवाभावाचे कुत्रेही चावते. श्वास लागला असेल किंवा ते ओकत असेल तर मात्र बांधू नका. प्लायवूडच्या फळीवर किंवा दोघांनी ताणून धरलेल्या गोणपाटावर सरकवून न्या. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. गोळी देऊ नका, तेल लावू नका. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे. फिरती पथके मुख्यतः गुराढोरांसाठी असली तरी विचारून पाहा. सकाळी दवाखाना उघडताच हजर राहा, परभणीची चिठ्ठी मागा आणि त्याच दिवशी निघा.